दहावी ओवी

“आज दुपारी साडेबारा वाजता मानवजातीचा अहंकार संपेल,” असं डॉ. त्र्यंबक हुपरीकरांनी जाहीर केलं, आणि मग हातातली निमंत्रणपत्रिका चष्म्याजवळ नेऊन विचारलं, “माझं नाव तिसऱ्या ओळीत कुणी टाकलं?”

मिरजेच्या नादचिकित्सा संस्थेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी आपापली पत्रिका उघडली.

“नावं विभागांच्या अक्षरक्रमानं आहेत, सर,” संचालक डॉ. वैदेही म्हैसाळकर म्हणाल्या. त्या मेंदूशास्त्रज्ञ होत्या आणि पहिल्या ओळीत होत्या. “मेंदूविज्ञान, यंत्रविभाग, साहित्य.”

“म्हणजे माझ्या आधी यंत्र?”

“स्वनलेखक. हो.”

हुपरीकरांनी पत्रिकेची चौघडी करून खिशात घातली आणि अहंकार संपवण्यासाठी ते खुर्चीत जाऊन बसले.

हुपरीकरांचं सगळं आयुष्य एका कवितेवर उभं होतं, आणि ती कविता कुणी लिहिली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘उतरणीच्या ओव्या’ हे तिचं नाव. कृष्णाकाठच्या एका मठात तिच्या अकरा पोथ्या होत्या. नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तसा साधक प्रत्येक ओवीत काही ना काही मागे ठेवत जातो. आधी डोळे, कान, हात, मग भूक, भय, आणि नवव्या पायरीवर स्वतःचं नाव. पहिली अशी, तीन लांब चरण आणि चौथा आखूड:

डोळां देखिलें तें डोळां ठेविलें
कानीं पडिलें तें कानीं ठेविलें
हातीं धरिलें तें हातीं सोडिलें
उतर खालीं

पोथ्यांमध्ये ओव्या दहा होत्या. हुपरीकरांनी एकतीस वर्षांपूर्वी त्या नऊ असल्याचं सिद्ध केलं. दहावी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेली. पुरावे तीन. एक, अकराही पोथ्यांत दहावी ओवी वेगळ्या हस्ताक्षरात आहे. दोन, तिच्यात कवीचं म्हणून जे नाव येतं, ते प्रत्येक पोथीत निराळं आहे. म्हणजे अकरा भामट्यांनी कविता आपल्या नावावर करून घ्यायचा प्रयत्न केला. आणि तीन, तिच्यात भाकरी आहे. “ब्रह्मानुभवाच्या नवव्या पायरीनंतर भाकरी कुठून येते?” हा हुपरीकरांचा सवाल त्या काळी फार गाजला. प्रा. आरगे नावाचे एक गृहस्थ मात्र ‘ओव्या दहाच’ म्हणत राहिले. नऊवाले आणि दहावाले यांच्यात दोन सोयरिकी मोडल्या. आरगे वारले तेव्हा शोकसभेत हुपरीकर चाळीस मिनिटं बोलले, आणि ती सगळी नऊ ओव्यांवर.

“मला एकदा साध्या भाषेत सांगा,” पहिल्या रांगेतून निवृत्त न्यायमूर्ती कबाडे म्हणाले. ते नीतिसमितीचे अध्यक्ष होते. शेजारच्या कर्करोग रुग्णालयात वेदनाशमनासाठी या ओव्या वापरायच्या की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरणार होतं.

“तुम्ही स्वतःला गुदगुल्या करू शकता का?” वैदेहींनी विचारलं.

“प्रयत्न केलेला नाही.”

“नाही होत. आपला हात कुठं लागणार हे मेंदूला आधीच कळलेलं असतं. तो अंदाज बांधतो, अंदाज खरा ठरला की ती संवेदना वजा करतो. स्वतःच्या आवाजाचंही तेच. पण वजाबाकी कधी पूर्ण होत नाही. अंदाज थोडा चुकतो, काहीतरी उरतं. त्या उरलेल्या चुकीभोवती मेंदू एक जाळं विणतो. आम्ही त्याला अहंजाल म्हणतो. तुम्ही त्याला ‘मी’ म्हणता.”

“म्हणजे मी म्हणजे चूक?”

“मेंदूच्या दृष्टीनं, हो.”

न्यायमूर्तींनी खुर्चीतल्या हुपरीकरांकडे पाहिलं. “पटण्यासारखं आहे,” ते म्हणाले.

“आता या ओव्या. म्हणणाऱ्याचा श्वास आणि आवाज त्या असे बांधून आणतात की प्रत्येक पायरीला अंदाज आणि ध्वनी जास्त जास्त जुळत जातात. नवव्या ओवीत चूक शून्यावर येते. अहंजालाला धरायला काही राहत नाही. वेदना असते, पण ती कुणाची नसते. वॉर्डात चाळीस माणसं आहेत, ज्यांना मॉर्फिन पुरत नाही.”

“आणि शेकडो वर्षं हे कुणाला कळलं नाही?”

“कारण ओव्या छापल्या गेल्या, म्हणायची रीत गेली. ती मेहजबीननं शोधली.”

मेहजबीन शिकलगार स्वनलेखकाशेजारी उभी होती. तिचं घराणं तंबोरे करणारं; तिनं मात्र ध्वनिशास्त्र केलं, आणि अब्बांनी ते दोन्हीपैकी कमी महत्त्वाचं मानलं. “पोथ्या उतरवून घेणारी माणसं ओव्या तोंडानं म्हणत म्हणत लिहायची, साहेब,” ती म्हणाली. “श्वास संपला की थांबायची, थांबली की बोरू शाईत बुडवायची. शाई कुठं गडद आहे, कुठं फिकी, ते यंत्रानं वाचलं. त्यावरून श्वासांची लांबी मिळाली. वर्णही बघा. पहिल्या ओवीत ड, ठ, ध, जीभ आपटणारे. नववीत येईपर्यंत बहुतेक म, न, व, ल उरतात. आवाजाला कडा नाहीत.”

“सगळ्या ओव्या तपासल्या?”

“नऊ. दहावीचं पान यंत्राखाली ठेवायचं नाही, असं सरांनी लेखी दिलंय.”

“प्रक्षिप्त मजकुरावर वीज का जाळायची?” हुपरीकर खुर्चीतून म्हणाले. डोक्यावर मेंदूचित्रकाची जाळीदार टोपी होती, तरी ते प्रस्तावना लिहिणाऱ्या माणसासारखेच दिसत होते.

आतापर्यंत स्वयंसेवकांनी पाच ओव्या म्हटल्या होत्या. ते दहा मिनिटांत आपोआप भानावर आले होते. पाच ओव्यांना दहा मिनिटं, तर नऊ ओव्यांना अठरा, असं वैदेहींनी गणित मांडलं होतं. शाळेत शिकलेलं त्रैराशिक माणसाला शेवटपर्यंत सोडत नाही. पूर्ण नऊ ओव्या म्हणणारा पहिला माणूस आपणच असणार, ही हुपरीकरांची अट होती, आणि तीही लेखी होती.

साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी सुरुवात केली. आवाज खर्जातला, भाषणांवर पोसलेला. तिसऱ्या ओवीला त्यांनी श्रोत्यांकडे पाहणं सोडलं. सहावीला खांदे उतरले. नववी त्यांनी म्हटली असं म्हणणं अवघड आहे. ती त्यांच्या जागेवरून आली.

नांव लेणें होतें, तेंही निवालें
मन मनाविण मौनीं मावळलें
येणें नुरलें, जाणें नुरलें
उतर खालीं

पडद्यावरचं अहंजाल विझलं. टाळ्या वाजल्या. हुपरीकरांनी टाळ्यांकडे मान वळवली नाही, तेव्हा बायकांच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, सुलभाबाई, पहिल्यांदा दचकल्या.

अठरा मिनिटं झाली. मग छत्तीस. मग चहा झाला.

“सर, तुमचं नाव काय?” वैदेहींनी विचारलं.

“कुणाचं?” हुपरीकरांनी विचारलं. आवाजात उपरोध नव्हता, म्हणून तो ओळखीचा वाटला नाही. मेहजबीनला आवाज तोच ऐकू आला, पण जवारी गेलेला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो काढला की तार वाजते, बोलत नाही.

वैदेहींनी सुई टोचली. “हात टोचला जातोय,” हुपरीकर म्हणाले. बर्फ ठेवला. “थंड आहे.” मग साठ अंशांची तापपट्टी. “कातडी लाल होतेय. सुंदर रंग आहे.” वैदेहींनी एकेक आकडा टिपून घेतला. आयुष्यात इतके स्वच्छ आकडे त्यांना कधी मिळाले नव्हते, आणि ते मिळवायला त्यांनी जरुरीपेक्षा चार पट्ट्या जास्त लावल्या.

“ओव्या नऊ की दहा?” न्यायमूर्तींनी सहज विचारलं.

“दहा असतील,” हुपरीकर म्हणाले. “आरग्यांचं बरोबर असेल.”

तेव्हा मात्र सगळेच घाबरले.

संध्याकाळी वैदेहींनी सुलभाबाईंना आपल्या खोलीत बसवून सांगितलं. वापरात नसलेले धागे मेंदू छाटून टाकतो. अहंजाल विझलेलं राहिलं तर सातव्या दिवशी, म्हणजे पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत, परत पेटवायला धागाच शिल्लक राहणार नाही. तोवर काही सापडलं तर ठीक.

“आणि नाही सापडलं तर?”

“शरीर उत्तम राहील. जेवतील, फिरतील, सांगाल ते करतील. फक्त ते नसतील.”

सुलभाबाईंनी जरा विचार केला. “औषधं काही?” त्यांनी विचारलं.

हुपरीकर घरी आले. आल्या आल्या त्यांनी चपला जागेवर ठेवल्या. रात्री जेवून स्वतःचं ताट घासलं, मग दुसरं ताट दिसलं म्हणून तेही घासलं. कोणतं ताट कोणाचं, हा प्रश्न मिटला होता. अग्रलेख वाचून त्यात चूक काढली नाही. भाजलेल्या हाताला सुलभाबाई घाईघाईनं मलम लावू लागल्या, तर ते म्हणाले, “सावकाश लावा. घाई नाही.”

शनिवारी मेहजबीन घरी आली. हुपरीकर बाल्कनीत मटार सोलत होते.

“काकू, मला दहावी ओवी पाहिजे,” ती म्हणाली. “छापील पुस्तकात नाहीच. मठ पोथी आता महिनाभर देणार नाही, उत्सव आहे. आरगे सरांची प्रत कुठं मिळेना. सरांनीच सगळ्या ग्रंथालयांतून काढायला लावली होती म्हणतात.”

“पत्रं मीच टाईप केली होती,” सुलभाबाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. पेटीत अकरा वह्या होत्या. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मठात कॅमेऱ्याला बंदी होती आणि हुपरीकरांना धुळीची ॲलर्जी. अकरा पोथ्या सुलभाबाईंनी बसून, पानाला पान आणि ओळीला ओळ, उतरवून घेतल्या होत्या. नऊ ओव्या निळ्या शाईनं. दहावी प्रत्येक वहीत हिरव्या.

“हिरवी का?”

“हात बदललाय म्हणून. त्यांना मीच दाखवलं ते. पहिल्या पोथीत दिसलं तेव्हा वाटलं, असेल. अकराव्या पोथीतही तेच, तेव्हा मी म्हटलं, अहो, नऊ ओव्या एक माणूस लिहितो आणि दहावी दर वेळी दुसरा. म्हणजे दहावी दुसऱ्यानंच म्हणायची असणार.”

“मग?”

“ते म्हणाले, हस्ताक्षराचं निरीक्षण चांगलं आहे. बाकी तू पोळ्या बघ.”

मेहजबीननं भिंतीवरच्या कपाटातली चिकित्सक आवृत्ती काढून प्रस्तावना चाळली. हस्ताक्षराचं निरीक्षण पान चारवर होतं, ‘माझ्या असे लक्षात आले’ या शब्दांत. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश होता: ‘ग्रंथसिद्धीच्या काळात सौ.ने चहाची वेळ कधी चुकू दिली नाही.’

तिनं पुस्तक मिटलं आणि हिरव्या शाईतली ओवी वाचली.

काठावरी तुज कोणी हाक देई
ये रे गोंद्या, ये रे, भाकर निवे पाहीं
ओले पाय तैसे घेऊनियां येईं
चढ वरी

“काकू,” ती हळूच म्हणाली, “ही कवीची नाममुद्रा नाही. ही हाक आहे.”

तिनं अकरा वह्या जमिनीवर पसरल्या. गोंद्या. चिमी. ढवळू. सोन्या. एकही नाव कवीचं वाटावं असं नव्हतं. सगळी दारात उभं राहून मारायच्या हाकेची नावं. पोथी उतरवणारा म्हणत म्हणत नवव्या ओवीपर्यंत यायचा आणि तिथंच बोरू धरून बसून राहायचा. मग शेजारचा माणूस त्याच्या घरच्या नावानं दहावी म्हणायचा, त्याला वर काढायचा आणि ती ओवी स्वतःच्या हातानं लिहून टाकायचा. अकरा भामटे वगैरे कुणी नव्हते. अकरा माणसं होती, आणि त्यांना जेवायला बोलावणारी आणखी अकरा.

“स्वतः म्हणून चालायचं नाही,” मेहजबीन म्हणाली. “स्वतःचा आवाज मेंदू वजाच करतो. दुसऱ्याचा पाहिजे. आणि नावही तेच पाहिजे ज्यावर हे जाळं पहिल्यांदा विणलं गेलं. झोपेतसुद्धा माणूस त्याला ओ देतो.”

“हुशार आहेस,” सुलभाबाई म्हणाल्या. “मला एवढंच सुचलं होतं की दुसऱ्यानं म्हणायची. पुढचं पोळ्यांत राहिलं.”

सोमवारी प्रयोगशाळेत हाका सुरू झाल्या. मेहजबीननं गळा लावला. तिच्याइतका सुरेल गळा संस्थेत कुणाचा नव्हता. मेंदूचित्रकाचा काटा शंभरापैकी साठच्या वर गेला तर अहंजाल पेटलं, असं ठरलं होतं.

‘ये रे त्र्यंबका’ला काटा दोनवर गेला. बारशाचं नाव, पण कागदोपत्रीच वापरलेलं. ‘डॉक्टर हुपरीकर’ला पाच. एका जुन्या विद्यार्थ्यानं संकोचत सांगितलं की वर्गात मागच्या बाकांवर सरांना ‘हुप्प्या’ म्हणत. त्याला अकरा. हुपरीकर शांतपणे भिंतीकडे पाहत होते, पण त्यांच्या आत कुठंतरी पन्नास वर्षं ते ऐकू येत होतं, हे त्या दिवशी आलेखावर सिद्ध झालं.

“आई काय म्हणायची त्यांना?” वैदेहींनी विचारलं.

हुपरीकरांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती, थोरला भाऊ जाऊन आठ. सगळ्यांनी सुलभाबाईंकडे पाहिलं.

“सासूबाई ‘बाळ’ म्हणायच्या,” सुलभाबाई म्हणाल्या.

‘ये रे बाळा’ला काटा तीनवर गेला आणि परत आला.

“दुसरं काही नव्हतं?”

“मला माहीत असायला मी कधी नाव घेतलंय का त्यांचं? मी अहो म्हणते.”

वैदेहींनी तेही करून पाहिलं. ‘अहो’ला हुपरीकरांनी मान वळवली, उठून उभे राहिले आणि काय हवं म्हणून थांबले. काटा शून्यावर होता. “विलक्षण आहे,” वैदेहींनी नोंद करत म्हटलं. “आज्ञापालन पूर्ण, स्व शून्य. हाकेत कुणाचं नावच नाही, म्हणून ओ द्यायला वर चढून यावं लागत नाही.”

मंगळवारी नीतिसमितीचा निर्णय आला. परतीचा मार्ग सिद्ध झालेला नाही. तथापि अंतिम अवस्थेतील रुग्णांना परत येण्याची निकड नसल्यामुळे नऊ ओव्यांच्या वापरास संमती देण्यात येत आहे. खाली न्यायमूर्तींची सही. वॉर्डातल्या चाळीसपैकी सव्वीस जणांना त्याच दिवशी उतरवण्यात आलं. त्यांच्या वेदना थांबल्या, असं अहवालात होतं. वेदना थांबल्या नव्हत्या, त्या पूर्वीसारख्याच चालू होत्या. फक्त तक्रार करायला आत कुणी नव्हतं, आणि तक्रार नसणं हीच आरोग्याची व्याख्या समितीनं धरली होती.

बातमी दुपारीच टीव्हीवर आली. संध्याकाळपर्यंत संस्थेकडे दोनशे सोळा अर्ज आले. रुग्णांचे नऊ. बाकीचे नातेवाइकांचे. मेहजबीननं काही वाचले. ‘सासरे ठणठणीत आहेत, परंतु आम्ही थकलो आहोत.’ ‘मुलगी ऐकत नाही. वय एकोणीस. स्थळ चांगले आहे.’ ‘आमच्या सोसायटीत एक निवृत्त उपशिक्षणाधिकारी राहतात. दुखत काही नाही. पण चालेल का?’ एकाही अर्जात परत कसं आणायचं हे विचारलेलं नव्हतं.

मेहजबीननं अर्ज खाली ठेवले आणि बुधवारी सकाळी साडेअकराला हुपरीकरांच्या घराची बेल वाजवली.

“काकू, साडेबारापर्यंत वेळ आहे. आठवतंय का काही? कुठलंही चालेल. चिडवायचं, लाडाचं. सर परत आले तर समितीला दाखवता येईल की दहावी ओवी खरी आहे. मग नुसत्या नऊ ओव्या कुणाला देताच येणार नाहीत. काठावर कुणी हाक मारणारा उभा असल्याशिवाय कुणाला उतरवायचं नाही, असा नियम होईल. नाहीतर कालच्या अर्जांत एक एकोणीस वर्षांची पोरगी आहे, घरच्यांचं ऐकत नाही म्हणून, ती पुढच्या आठवड्यात येतीय.”

“आठवतंय का बघते,” सुलभाबाई म्हणाल्या. “तू जा. आठवलं तर मीच म्हणेन. रीत तीच ना? शेजारच्यानं म्हणायची.”

“सूर नाही लागला तरी चालेल. नाव तेवढं पाहिजे.”

दार लावून सुलभाबाई बाल्कनीत आल्या. त्यांना आठवायचं काही नव्हतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी लसूण सोलता सोलता सांगितलं होतं. हुपरीकर तीन वर्षांचे असताना लोणच्याच्या गाडग्यात डोकं घालून अडकले होते. गाडगं फोडावं लागलं. तेव्हापासून घरात नाव पडलं गाडग्या. शाळेत जायला लागल्यावर त्यांनी रडून, उपाशी राहून ते नाव बंद पाडलं. “तुला म्हणून सांगते,” सासूबाई म्हणाल्या होत्या, “पण त्याच्यासमोर काढू नकोस. फार लागतं त्याला.”

चव्वेचाळीस वर्षांत सुलभाबाईंनी ते काढलं नव्हतं.

हुपरीकर खुर्चीत बसून तिसरी वही वाचत होते. सुलभाबाई समोर उभ्या राहिल्या. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पोरगी एकोणीस वर्षांची, हे त्यांच्या डोक्यात होतं. त्या स्वतः लग्नात चोवीसच्या होत्या. त्यांनी घसा साफ केला.

“काठावरी तुज कोणी हाक देई,” त्या म्हणाल्या. हुपरीकरांनी वहीतून डोकं वर काढलं. “ये रे...”

“अक्षर किती सुरेख आहे,” हुपरीकर म्हणाले. “ज्यांनी लिहिलं त्यांनी हात बदललेला ओळखला. हिरवी शाई वापरली. फार मोठी गोष्ट आहे ही.”

सुलभाबाई तशाच उभ्या राहिल्या. ओठ ‘गा’वर उघडे होते.

“कुणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

हुपरीकरांनी वहीचं पहिलं पान उघडलं. “सुलभा,” त्यांनी वाचलं. “सुलभाबाईंनी. यांचं नाव पुस्तकावर असायला हवं होतं.”

हे बोलणारं त्या खुर्चीत कुणी नव्हतं, हे सुलभाबाईंना पक्कं माहीत होतं, डॉ. म्हैसाळकरांनी आलेख दाखवून समजावलं होतं. एक हाक मारली की बोलणारा येईल, हेही माहीत होतं. आल्यावर तो पहिल्यांदा विचारेल, ही वही माळ्यावरून कुणी काढली. चव्वेचाळीस वर्षं घरात माणूस होता आणि कौतुक नव्हतं. आता कौतुक होतं.

त्यांनी तोंड मिटलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. कणीक तिंबली. पहिली पोळी तव्यावर टाकली, दुसरी, तिसरी. साडेबाराला मेहजबीनचा फोन वाजला, तो वाजून थांबला, परत वाजला. पिठाचे हात दाखवायला समोर कुणी नव्हतं, तरी सुलभाबाईंनी ते फोनला दाखवले. पाच पोळ्या झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला, डब्यात फडकं घातलं, आणि घड्याळाकडे पाहिलं. एकला पाच मिनिटं कमी होती.

त्या दारात आल्या.

“अहो,” त्यांनी हाक मारली, “पोळ्या निवताहेत. ताटं घ्या तेवढी.”